समुद्रात टांगलेल्या जाळीवर काय काय चिकटतं, आणि कशाला कमी चिकटतं?

शेडनेट_सोलापूर
नमस्कार मंडळी. धंद्याचा प्रश्न आहे पण धंदेवाल्यांकडे उत्तर मिळेना म्हणून इथे धागा काढतोय. आपलं अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, वडिलांच्या काळात चादरी न टॉवेल, आता मी रॅशल मशीनवर (बिनगाठीची जाळी विणणारं मशीन) शेडनेट काढतो, द्राक्षवाले डाळिंबवाले घेतात. दिवाळीच्या सुमारास देवगडकडच्या एका पार्टीचा फोन आला की खाडीत पिंजरे लावून जिताडा पाळायचाय, जाळी करून द्याल का. म्हटलं देऊ की, त्यात काय. पण आधी सॅम्पल टांगून बघू म्हणून एचडीपीई (पॉलिइथिलीन प्लास्टिक) मोनोफिलामेंट म्हणजे एकेरी सलग तंतू, नायलॉन मल्टीफिलामेंट म्हणजे पुष्कळ बारीक तंतू एकत्र, आणि पॉलिस्टर असे तीन पट्टे आणि फ्रेमसाठी जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा न काळ्या एचडीपीई पाइपचा एकेक तुकडा पाठवला. त्यांनी जेट्टीला बांधून ठेवलं आणि ऐन जानेवारीत, गड्डा यात्रेच्या गर्दीत पार्सल परत आलं. गोणी उघडली तर शेजारच्या डाइंगवाल्याचा फोन, काय मेलंय बघा हो तुमच्याकडं.

आता काय दिसतंय ते सांगतो. जीआय पाइपवर पांढरट त्रिकोणी खडे, वर तोंड असलेले, नखाने हलत नाहीत, स्क्रू ड्रायव्हर घालून काढले तरी खाली पांढरी चकती तशीच राहते. एचडीपीई पाइपवर पण तेच, पण अंगठ्याने आडवा जोर दिला की काही काही सुटतात. नायलॉनच्या पट्ट्यावर गाठीगाठीत हिरवट शिंपल्या, नखाएवढ्या, एकेकीच्या फटीतून तपकिरी दोरे निघालेत आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बारीक चकती जाळीला घट्ट. पॉलिस्टरवर हिरवं गवत. आणि सगळ्यावर एकजात तपकिरी बुळबुळ.

हे सगळं पाण्यात राहून चिकटतं कसं? आणि असं कुठलं प्लास्टिक आहे का ज्याला काहीच चिकटत नाही? टेफ्लॉनचं सूत मिळतं म्हणे पण भाव ऐकून खाली बसलो.

होटगी_रोड
काय मालक, इथं नळाला पाणी कधी येईल ते कॅलेंडरवर लिहून ठेवतोय आम्ही न तुम्ही समुद्राच्या पाण्याचे धागे काढताय. असो, वाचतोय. माझी गच्चीवरची काळी टाकी आतून बुळबुळीत होते ते पण हेच का?

शंखशिंपले
होटगी रोड, तुमच्या टाकीतली बुळबुळ आणि यांच्या जाळीवरची बुळबुळ, सुरुवात तीच. बॅक्टेरिया पृष्ठभागावर बसतात आणि स्वतःभोवती चिकट साखरेचा थर सोडतात. गोड्या पाण्यात गोष्ट बहुतेक तिथेच थांबते, समुद्रात तिथून चालू होते.

शेडनेट दादा, मी मूळची साखर पेठेतली, आता बरीच वर्षं गोव्यात, कामच या चिकटणाऱ्या जिवांवर आहे त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे, सहन करा.

कुठलीही वस्तू समुद्रात बुडवली की काही मिनिटांत पाण्यातली प्रथिनं, साखरी असलं सगळं तिच्यावर बसून एक अतिपातळ थर होतो. काही तासांत बॅक्टेरिया, मग डायटम म्हणजे काचेच्या कवचाचे एकपेशीय शैवाल, तुमची तपकिरी बुळबुळ मुख्यतः तीच. त्यानंतर हिरव्या शेवाळाचे बीजाणू आणि बार्नेकल-शिंपल्यांच्या अळ्या. पुस्तकात ही रांग फार शिस्तीत दाखवतात, प्रत्यक्षात तशी शिस्त नसते, बार्नेकलची अळी पहिल्या दिवशी पण येऊन बसू शकते. आणि वरती थर बसला म्हणून खालचं मटेरियल लपत नाही, नायलॉनवरचा थर आणि सिलिकॉनवरचा थर वेगळा बसतो आणि पकडही वेगळी राहते. म्हणून तुमच्या पाच सॅम्पलवर पाच तऱ्हा दिसतायत.

तुमचे त्रिकोणी खडे म्हणजे बार्नेकल. दिसायला शिंपलं पण जात खेकडा कोळंबीची. १८३० मधे थॉम्प्सन नावाच्या माणसाने अळ्या वाढवून दाखवल्या तोवर सगळे याला शंखशिंपल्यातच धरत होते, आणि डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं यांच्यावरच घालवली. अळी सहा अवस्था पाण्यात तरंगत काढते, मग सायप्रिस नावाची अवस्था येते, साधारण अर्धा मिलिमीटर, ती काही खातच नाही, तिचं काम एकच, जागा शोधणं. डोक्यावरच्या दोन मिशांनी ती पृष्ठभागावर अक्षरशः चालते, एक मिशी टेकव, दुसरी उचल, आणि प्रत्येक टेकवणीला थोडा तात्पुरता चिकटा सोडते. त्या ठशांचा वास पुढच्या अळीला लागतो म्हणून बार्नेकल घोळक्याने बसतात. जागा पसंत पडली की डोकं खाली करून कायमचं सिमेंट ओतते आणि मग जन्मभर डोक्यावर उभी राहून पायाने अन्न ओढते. सिमेंटच्या आधी तेलकट पदार्थाचा थेंब सोडते, त्याने पृष्ठभागावरचं पाणी बाजूला सरतं आणि मग प्रथिनाचा चिकटा बसतो.

हिरव्या शिंपल्या म्हणजे शिनाणे, त्यांचं तंत्र पूर्ण वेगळं. जेवून येते मग लिहिते.

शेडनेट_सोलापूर
ताई लिहा लिहा. डोक्यावर उभं राहून पायानं जेवतंय, आपल्याकडं असली माणसं पण आहेत.

खळमास्तर
उभा जन्म सायझिंगमधे गेला म्हणून बोलतोय. शेडनेट मालकांना माहीतच असेल पण इतरांसाठी, ताण्याच्या म्हणजे उभ्या सुताला मागावर चढवायच्या आधी खळ लावतात, नाहीतर घासून तुटतं. सुती ताण्याला स्टार्चची खळ झकास बसते. तीच खळ पॉलिस्टरला लावा, सुकल्यावर पावडर होऊन मागाखाली पडते. तिथं पीव्हीए नाहीतर ॲक्रिलिक लागतं. कारण सुताच्या अंगाला पाणी आवडतं न स्टार्चला पण आवडतं, दोघांचं जमतं, पॉलिस्टरला पाणी नको असतं. म्हणजे चिकटा आणि पृष्ठभाग ही जोडी बघावी लागते, नुसता चिकटा भारी असून भागत नाही.

पण माझी शंका अशी, आमची खळ गरम पाण्यात घातली की उतरते, उतरलीच पाहिजे, नाहीतर पुढं रंग कसा बसणार. यांची खळ तर पाण्यातच लावतायत आणि पाण्यातच धरतेय. पाणी मधे घुसत कसं नाही?

शंखशिंपले
मास्तर, बरोब्बर तिथेच बोट ठेवलंत. पृष्ठभागावर पाण्याचे रेणू आधीच बसलेले असतात, समुद्रात वर मिठाचे आयन पण, आणि बाहेरून येणाऱ्या चिकट्याला आधी त्यांना हुसकावून मग बसायचं असतं. स्टार्चचे हायड्रोजन बंध पाण्यापुढे टिकत नाहीत.

शिनाणे काय करतं ते ऐका. त्याला जिभेसारखा एक पाय असतो, तो फटीतून बाहेर काढून जाळीवर टेकवतं आणि टोकाखाली छोटी बंद पोकळी करतं. समुद्राचं पाणी साधारण ८ पीएचचं, म्हणजे जरा अल्कलीकडे, या पोकळीत मात्र ते आम्ल करून ठेवतं. मग एकापाठोपाठ एक प्रथिनं सोडतं, काही मिनिटांत ती घट्ट होतात, पाय उचलला की मागे दोरा आणि चकती तयार. असे डझनावारी दोरे, वेगवेगळ्या दिशेने ताणलेले, म्हणून लाट कुठूनही आली तरी चालतं.

चकतीच्या तळाला जी प्रथिनं असतात त्यात डोपा नावाचं अमिनो आम्ल फार असतं, एका प्रथिनात तर जवळपास ३० टक्के. हे शोधलं हर्बर्ट वेट यांनी, टॅन्झर यांच्याबरोबरचा शोधनिबंध १९८१ चा. डोपाच्या कड्यावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल असतात. दगड, काच, धातूचा गंज अशा पृष्ठभागावर ते दोन्ही मिळून धातूच्या अणूला चिमटा घालतात आणि तो चिमटा पाणी सोडवू शकत नाही. प्लास्टिकवर चिमट्याला धरायला धातू नाही, तिथे डोपाचं कडं सपाट झोपून पाणी टाळणाऱ्या पृष्ठभागाशी सलगी करतं, पकड कमी पण शून्य नाही. शेजारी लायसिन नावाचं धनभारित अमिनो आम्ल असतं, ते पृष्ठभागावरचे मिठाचे आयन आधी ढकलून काढतं मग डोपाला जागा मिळते, हे २०१५ मधे कळलं.

आणि आम्ल कशाला? तर डोपा अल्कली पाण्यात पटकन ऑक्सिडाइझ होऊन क्विनोन बनतं आणि मग धातूवरची पकड जाते. तेच क्विनोन आतल्या बाजूला मात्र उपयोगाचं, प्रथिनं एकमेकांत गुंतवून चकती टणक करतं. दोऱ्याच्या बाहेरच्या सालीत तर समुद्रातलं लोह पकडून डोपाबरोबर बांधलेलं असतं म्हणून ती घासली जात नाही आणि तरी ताणली जाते.

खळमास्तर
वा. म्हणजे एकाच पट्ट्यात खाली एक केमिस्ट्री, मधे एक, वरती एक. आणि पीएच सांभाळून. आमच्याकडं रिॲक्टिव्ह रंगाला सोडा कधी टाकायचा यावरून भांडणं होतात, लवकर टाकला तर रंग कापडाला लागायच्या आधीच पाण्यात मरतो. इथं ते शिनाणे बिनमास्तरचं टायमिंग साधतंय.

हे डोपा विकत मिळतं का? पॉलिस्टरला बेस म्हणून?

शंखशिंपले
मास्तर, त्याचा चुलतभाऊ डोपामिन मिळतो. २००७ मधे हेशिन ली आणि मेसरस्मिथ वगैरे मंडळींनी दाखवलं की डोपामिन किंचित अल्कली पाण्यात विरघळवून कुठलीही वस्तू बुडवून ठेवली की तिच्यावर पातळ तपकिरी थर बसतो, टेफ्लॉनवरसुद्धा. आणि त्या थरावर मग दुसरं काहीही बसवता येतं. लॅबमधे ठीक, मीटरच्या भावाने कापड विकणाऱ्याला परवडेल असं मला वाटत नाही.

देवगड_बंदर
धागा मस्त. आमच्या खाडीचाच सॅम्पल दिसता हा, हसलो. आता साध्या मराठीत लिहितो. होडी पाण्यात राहिली की तळाला हे सगळं येतंच. लाकडी होड्या होत्या तेव्हा ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या, खरवडायच्या, सुकवायच्या आणि काजूच्या टरफलाचं तेल म्हणजे डिंबेल लावायचं. आता बऱ्याच होड्या फायबरच्या, तांब्याचा लाल रंग मारतात. खरवडताना फरक कळतो, लाकडावरचं बार्नेकल लाकडाचा कपचा घेऊन निघतं, गुळगुळीत फायबरवरचं तुलनेने सोपं, पण फायबरला एकदा ओरखडे पडले की तिथेच पहिली वस्ती.

जाळीला खरा त्रास वजनाचा आणि पाणी अडण्याचा. भोकं बुजली की आतल्या माशाला हवा कमी पडते, उन्हाळ्यात एका रात्रीत माल जातो. बाकी पावसाळ्यात खाडी गोडसर होते तेव्हा बरंचसं आपोआप मरतं, पण तेव्हा पिंजराच काढून ठेवावा लागतो, त्यामुळे फायदा काय घंटा.

अंबरनाथ_लोकल
रंगाच्या लाइनमधे आहे म्हणून तांब्याबद्दल. १७६१ मधे ब्रिटिश आरमाराने अलार्म नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड पोखरणारे किडे थांबले आणि वर बार्नेकल पण बसेनात. मग तांबं झिजतंय म्हणून हम्फ्री डेव्हीला बोलावलं. त्याने १८२४ च्या सुमारास जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याची झीज पूर्ण थांबवली, इलेक्ट्रोकेमिस्ट्री एकदम बरोबर, आणि जहाजं परत शेवाळ बार्नेकलने भरून आली. कारण तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तर कोणी बसत नव्हतं. आजचे तांब्याचे रंग याच तत्त्वावर, क्युप्रस ऑक्साइड हळूहळू सुटत राहतं, संपलं की परत मारा.

शेडनेट साहेब, तुमच्या जीआय पाइपवर एवढी गर्दी का याचं उत्तर पण यात आहे, जस्त बार्नेकलला तांब्याइतकं जाचक नाही, आणि खडबडीत टणक पृष्ठभाग आयताच. वर खाऱ्या पाण्यात जस्त जाऊन गंज चालू होणार ते वेगळंच. फ्रेमला जीआय विसरा.

बाळे_नाका
पूर्वी टीबीटी म्हणून रंग होता, वर्षानुवर्षं काही चिकटायचं नाही. पर्यावरणवाल्यांनी बंद पाडला. भारतात मिळत असेल तर तोच मारा, कशाला एवढी डोकेफोड.

अंबरनाथ_लोकल
बाळे नाका, असलं काही सांगू नका हो, समोरचा मासे पाळणारा आहे आणि ते मासे लोक खाणार आहेत. टीबीटी म्हणजे ट्रायब्युटिल टिन, प्रभावी होता यात वादच नाही. पण फ्रान्समधे आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पैदास कोसळली, कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली, १९८२ मधे त्यांनी लहान बोटींना तो बंद केला. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले, तेही पाण्यात अगदी नगण्य प्रमाण असताना. २००१ मधे आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ पासून लागू आहे. हा पर्यावरणवाल्यांचा लाड नाही, कालववाल्यांचं पोट होतं ते.

तांब्याचं कोटिंग जाळीला जगभर लावतात, त्याला सरसकट बंदी नाही, पण ते पण झिरपतं आणि खाडीत आसपास कालवं शिंपल्या असतील तर मी तरी विचार करून लावीन.

देवगड_बंदर
आसपास कालवं आहेतच, बायका काढतात सुकतीला म्हणजे ओहोटीला. तांबं नको.

नान्नज_माळ
शार्कच्या कातडीचा उपाय वाचला होता, तिच्यावर काही बसत नाही म्हणे कारण बारीक रेघा असतात. तसं सूत काढता येईल का?

शंखशिंपले
फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांचं काम ते, अमेरिकन नौदलासाठी सुरू झालेलं. सिलिकॉनवर साधारण २ मायक्रॉन रुंदीच्या पट्ट्या विशिष्ट नक्षीत उठवल्या तर हिरव्या शेवाळाचे बीजाणू ८५ टक्क्यांच्या आसपास कमी बसले. कारण बीजाणूचा आकार ५ मायक्रॉनच्या घरातला, त्याला दोन पट्ट्यांमधे मावताही येत नाही आणि वर नीट टेकताही येत नाही. पण बार्नेकलच्या अळीला ती नक्षी म्हणजे सपाट रस्ताच, तिच्यासाठी कितीतरी मोठी नक्षी लागते. एका नक्षीत सगळे आडवे होत नाहीत. आणि समुद्रात वरती बुळबुळ बसली की २ मायक्रॉनची नक्षी भरून जाते.

उलट तुमच्या सुताचा खडबडीतपणा त्यांच्या सोयीचा आहे. मल्टीफिलामेंटमधे तंतू तंतूत फटी, शिनाण्याच्या पिल्लांना तेच हवं असतं, नैसर्गिकरीत्या पण ती आधी केसाळ शेवाळावरच बसतात. म्हणून तुमच्या नायलॉनच्या गाठींत शिनाणे आणि गुळगुळीत मोनोफिलामेंटवर नाहीत. यात नायलॉनचा दोष कमी, विणीचा जास्त.

विज्ञान_मास्तर_पंढरपूर
मधेच विचारतो, तारामासा व्हॅक्यूमने चिकटतो असं आम्ही शिकवतो, नळीपाद आणि चूषक. तसं बार्नेकलचं नाही का?

शंखशिंपले
सर, तारामाशाचं पण तसं नाहीये. त्याच्या नळीपादाच्या टोकाला दोन प्रकारच्या ग्रंथी असतात, एक चिकटा सोडते, दुसरी तो सोडवणारा पदार्थ. पाय उचलला की चिकट्याचा ठसा जमिनीवर राहतो, रंग टाकून दिसतो सुद्धा. सच्छिद्र पृष्ठभागावर व्हॅक्यूम टिकलाच नसता, पण तारामासा तिथेही चिकटतो. खरा व्हॅक्यूम बघायचा तर ऑक्टोपस.

शेडनेट_सोलापूर
मंडळी डोकं गरगरलं पण मजा येतेय. आता मुद्द्यावर, सुतातलं सांगा. काय धरू?

अंबरनाथ_लोकल
पृष्ठभागाची ऊर्जा म्हणून एक आकडा असतो, मिलिन्यूटन प्रति मीटरमधे मोजतात, कमी असेल तितकं पाणी त्यावर थेंब होऊन राहतं. टेफ्लॉन १८ च्या आसपास, सिलिकॉन २२ ते २४, पॉलिप्रॉपिलीन ३० च्या जवळ, पॉलिइथिलीन म्हणजे तुमचं एचडीपीई ३१, पॉलिस्टर ४३, नायलॉन ४६. रॉबर्ट बायर यांनी याचा आलेख काढला होता, एका बाजूला हा आकडा, दुसरीकडे चिकटण्याची ताकद. सगळ्यात कमी चिकटतं ते २० ते ३० च्या पट्ट्यात, आणि गंमत म्हणजे त्याहून खाली टेफ्लॉनकडे गेलं की परत वाढतं. त्यामुळे टेफ्लॉनचा भाव ऐकून खाली बसलात ते चांगलंच झालं.

मोठं कारण मऊपणा. सिलिकॉन रबरासारखं लवचिक, बार्नेकल ओढलं की खालचं सिलिकॉन वाकतं, कडेला फट पडते आणि चकती सोलल्यासारखी निघते. टेफ्लॉन त्यामानाने कितीतरी ताठ, सोलता येत नाही, तोडावंच लागतं. शिवाय सिलिकॉनचा थर जाड असेल तर अजून सोपं सुटतं. जहाजांना आता असले सिलिकॉनचे रंग मारतात, विष नाही काही नाही, बार्नेकल बसतं पण जहाजाने वेग घेतला की पाण्याच्या झोताने गळून पडतं.

होटगी_रोड
पण पिंजरा तर जागेवरच उभा असणार. त्याला वेग कुठला?

अंबरनाथ_लोकल
तोच तर लोचा आहे. बंदरात जास्त काळ पडून राहणाऱ्या जहाजाला पण ते तितकं कामाचं नाही. जाळीला लावलंच तर आपोआप साफ होणार नाही, फक्त प्रेशरने धुताना लवकर निघेल. आणि सिलिकॉनवर कोणी चिकटत नाही तसं सिलिकॉन पण कशावर चिकटत नाही, मधे वेगळा बांधणारा थर मारावा लागतो. एचडीपीईवर तर आणखी कठीण, त्यावर धड प्रिंटिंग पण बसत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

शंखशिंपले
आणि यात अजून एक भानगड आहे. सगळ्या जिवांची आवड एक नाही. हिरव्या शेवाळाचे बीजाणू पाणी टाळणाऱ्या पृष्ठभागावर जास्त संख्येने बसतात पण त्यातून उगवलेलं शेवाळ तिथे हलकं धरतं, झोत मारला की निघतं. डायटमचं उलट, ते सिलिकॉनसारख्या पृष्ठभागावर जास्त घट्ट धरतात, म्हणून सिलिकॉन मारलेल्या जहाजावरचं बार्नेकल जातं आणि बुळबुळ राहते. त्यामुळे काहीच चिकटणार नाही असं मटेरियल शोधत बसू नका, तुमच्या जाळीला कोण जास्त नडतंय ते ठरवा आणि त्याच्यापुरतं बघा. बुळबुळीने पाणी फारसं अडत नाही, शिनाण्यांनी अडतं.

देवगड_बंदर
पिंजऱ्याला शिनाणे आणि बार्नेकल हेच शत्रू. बार्नेकल जाळीच्या बारीक धाग्यावर बसलं की धाग्याच्या भोवती वेढा घालतं, मग कुठलाही प्रेशर पंप लावा, धागा तुटेल पण ते निघणार नाही. लहान असतानाच मारायला लागतं. आमच्याकडे जाळ्यांचे दोन संच ठेवतात, एक पाण्यात, एक किनाऱ्यावर कडक उन्हात. सुकलं की आपटून निघतं बरंचसं. काही जण पिंजऱ्यात थोडी काळुंदर सोडतात, ती शेवाळ कुरतडते, बार्नेकलला मात्र हात लावत नाही.

खळमास्तर
मग हिशेब सरळ आहे की. नायलॉन मल्टी बाद. पॉलिस्टर पाण्यात जड, बुडतं, त्याचा फायदा, पण आकडा ४३, गवत पण त्यालाच आलं. एचडीपीई मोनो गुळगुळीत, आकडा ३१, एचडीपीई पाइपवरचं अंगठ्याने सुटतंय असं तुम्हीच वर लिहिलंय. तेवढं बघा की एक्स्ट्रूडरच्या डायला, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक ज्यातून सूत होऊन निघतं त्या साच्याला, ओरखडा नको, सुतावर रेघ उमटली तर एचडीपीईचा सगळा फायदा गेला. शेडनेटला खपतं, इथं नाही खपणार.

शेडनेट_सोलापूर
मास्तर, डायचं लाख बोललात, माझी डाय पॉलिशला द्यायचीच आहे. एचडीपीई पाण्यावर तरंगतं त्यामुळे खालच्या कडेला वजनाचा दोर घालावा लागेल, ते करू. रॅशलवर काढली तर गाठी पण येणार नाहीत. उन्हात वाळवायची म्हणजे यूव्हीचा मास्टरबॅच (उन्हाने प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून मिसळायचे दाणे) शेडनेटसारखाच टाकावा लागणार, तो आपल्याकडं आहेच. आणि गिऱ्हाइकाला पहिल्यापासून दोन संचाचंच कोटेशन देतो, नाहीतर चिकटलं की माझ्या नावानं शिमगा.

शंखशिंपले
दादा, अजून एक, धंद्याची गोष्ट. केरळमधे कासरगोड कोझिकोडकडे शिनाण्यांची दोरीवर शेती करतात. बी दोरीभोवती ठेवून वरून पातळ सुती कापड शिवून गुंडाळतात. थोड्या दिवसांत शिनाणे दोरीला दोरे मारून बसतं आणि तोवर सुती कापड कुजून गळून पडतं, काढायची कटकट नाही. म्हणजे तिथे उलटं आहे, आत घट्ट धरेल अशी केसाळ दोरी हवी आणि बाहेर लवकर कुजणारं कापड. तुमच्याकडे दोन्ही आहे, वडिलांचे माग अजून विकले नसतील तर.

शेडनेट_सोलापूर
दोन माग आहेत अजून, गोडाऊनमधे झाकून ठेवलेत. ताई ते कापड किती पातळ, मच्छरदाणीएवढं? पन्हा किती लागतो? आणि खळ न उतरवता तसंच दिलं तर लवकर कुजेल ना?

खळमास्तर
खळीचं सुती कापड ओलं ठेवलं तर बुरशी लागून कुजतंच, आख्खा पावसाळा आम्ही तेच बघत आलो. पण समुद्रात खळ आधी धुऊन जाईल, त्याच्या भरवशावर राहू नका. विरळ विणा, बारीक सूत घ्या, पीळ कमी द्या.

शंखशिंपले
मच्छरदाणीचंच वापरतात पुष्कळ जण, तेवढंच विरळ. पन्हा दोरीच्या जाडीवर, मी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून नेमकं माप व्यनि करते. फार टिकाऊ नको हे मात्र पक्कं, बाजारातलं पॉलिस्टर मिश्रित चालणार नाही, ते गळत नाही आणि शिनाणे त्यातच अडकतात.

देवगड_बंदर
माप आलं की मला पण पाठवा, आमच्या बचत गटाच्या बायका तयार होतील. आणि शेडनेट साहेब, नवीन सॅम्पल पाठवाल तेव्हा अमावस्येच्या आधी पोचतील असं बघा, उधाणाच्या सुकतीला पाणी लांब ओसरतं, जेट्टीच्या खालच्या खांबाला बांधता येतं. यावेळी पट्टे वेगवेगळ्या खोलीवर बांधू, वर, मधे आणि तळाला, कारण वरच्या हातभर पाण्यात गवत जास्त आणि खाली बार्नेकल जास्त असं मी बघितलंय. एचडीपीईचे तीन आणि सुती कापड गुंडाळलेली एक दोरी, एवढं पुरे. जीआय नको परत.